चौकशीवाल्या वसुधाताई

वसुधाताई टेंभेकर आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी दारात बूट काढले, स्वतःच्या पिशवीतल्या सपाता पायात सरकवल्या आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आतच विचारलं, "बेसमेंटमध्ये ओल आहे का हो?"

"नाही," मी म्हणालो.

"बघू?"

आणि त्या खाली गेल्यासुद्धा. मी मागोमाग. त्यांनी भिंतींवरून हात फिरवला, वॉशिंग मशीनच्या मागे वाकून पाहिलं, नाक वर करून दोनदा हुंगलं. "वास तर येऊन राहिला," त्या म्हणाल्या. बोलणं अस्सल नागपूरचं. इतकी वर्षं कॅनडात काढूनही त्यांचं 'येऊन राहिला' आणि 'काहून' तसंच होतं. मी सांगितलं की वास लोणच्याच्या बरणीचा आहे, आईने कालच घातलंय. त्यांनी बरणी उघडून बघितली, मगच मान डोलावली.

वसुधाताई आमच्या ओळखीच्या नव्हत्या आणि पाहुण्याही नव्हत्या. एका संशोधनाच्या कामासाठी त्या ग्वेल्फ आणि आसपासच्या गावांत घरोघर फिरत. ज्या घरात एका मुलाला टाइप वन डायबिटीस झालेला आहे, त्या घरात नवं बाळ आलं की जन्मापासून त्याच्यावर लक्ष ठेवायचं, असं ते काम. बाळाच्या रक्ताचे थेंब, डायपर, पायाची नखं, गालिच्यावरची धूळ, नळाचं पाणी, सगळं त्या दर तीन महिन्यांनी येऊन घेऊन जायच्या. आणि प्रश्न विचारायच्या. गाईचं दूध पहिल्यांदा कधी दिलं, गहू कधी दिला, सर्दी कधी झाली, अँटिबायोटिक दिलं का, घरात कुत्रं-मांजर आहे का, बाळ उन्हात जातं का. आजार आईबापांच्या रक्तातून थोडा येतो, पण तेवढ्याने होत नाही. बाहेरचं काहीतरी त्याला ढकलतं. ते बाहेरचं काय, हे शोधायचं होतं.

आमच्या घरात आजार झालेलं मूल म्हणजे सई. पाच वर्षांची असताना हिवाळ्यात तिला सारखी तहान लागायला लागली. ती बारीक होत गेली. आम्हाला वाटलं, उंची वाढतेय. मग उलट्या सुरू झाल्या, वॉक-इन क्लिनिकमध्ये पोटातला फ्लू आहे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती अशी धापा टाकत श्वास घ्यायला लागली की मानसीने, माझ्या बायकोने, बूट न घालता बर्फात उभं राहून अँब्युलन्सची वाट पाहिली. सई वाचली. डॉक्टर म्हणाले, तिच्या शरीराने स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या पेशी मारून टाकल्यात, आता आयुष्यभर इन्सुलिन. "तुम्ही काही केलंत म्हणून हे झालेलं नाही," हेही ते म्हणाले. मानसीने मान हलवली, पण त्या वाक्यावर तिचा अजिबात विश्वास बसला नाही. माझाही नाही. त्या वेळी इरा मानसीच्या पोटात होती.

म्हणून इरा झाल्यावर वसुधाताई आमच्या घरी आल्या.

पन्नाशी उलटलेली, किडकिडीत बाई. केस बारीक कापलेले, अंगात गुडघ्यापर्यंतचा करडा कोट. नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होत्या, इकडे आल्यावर बरीच वर्षं मिळेल ते करून शेवटी ह्या कामाला लागल्या. नवरा सस्काटूनला, तिथल्या एका खाणीत भूगर्भशास्त्रज्ञ. ह्या इकडे, ते तिकडे. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा तेव्हा कधीकधी त्या आमच्याकडेच असायच्या. "जेवले का? काय जेवले? नुसतं सांगू नका, ताटाचा फोटो पाठवा." आणि फोटो आला की बोटांनी मोठा करून बघायच्या. "हा कालचाच वरण-भात आहे. वाटी तीच आहे."

त्या कुणाच्याच घरी चहा घेत नसत. मानसीने पहिल्या दिवशी आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "चहा घेतला की माणूस बरा वाटायला लागते. मग त्याचं सगळं खरं वाटते. मला ते चालत नाही."

मानसीला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत. त्याचं कारण व्हिटॅमिन डीचे थेंब. इकडे हिवाळ्यात ऊन अंगाला लागत नाही, म्हणून बाळाला रोज एक थेंब द्यायचा असतो. वसुधाताईंनी विचारलं, "रोज देऊन राहिले का?" मानसी म्हणाली, रोज. वसुधाताईंनी बाटली मागितली, ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली आणि आत किती उरलंय ते बघितलं. बाटली जवळजवळ भरलेली होती.

"रोज?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मानसीचा चेहरा लाल झाला. ती गराजमध्ये गेली, रिसायकलिंगचा निळा डबा उपडा केला आणि त्यातून रिकामी बाटली शोधून आणून त्यांच्यासमोर टेबलावर आपटली. "ही संपली. ती परवा आणली."

वसुधाताईंनी रिकामी बाटलीही उजेडात धरली. "ठीक आहे," म्हणाल्या. सॉरी म्हणाल्या नाहीत. टॅब्लेटवर काहीतरी टिपलं आणि पुढचा प्रश्न विचारला. जाताना दारात मला म्हणाल्या, "भाऊ, राग नका मानू. लोक मुद्दाम खोटं बोलत नाहीत. समोरच्याला बरं वाटेल ते बोलतात. त्या बरं वाटण्यातून मला काही सापडणार नाही ना."

त्या गेल्यावर मानसी म्हणाली, "हिच्या स्वतःच्या घरी कुणाला तरी असणार हे. त्याशिवाय माणूस इतका कडवट होत नाही."

मलाही तसंच वाटायचं. पुढच्या खेपेला मानसीने सरळ विचारलंच. वसुधाताई हसल्या. "सगळ्यांना वाटते तसं. नाही. आमच्या घरी कोणालाच काही नाही. मी पगारासाठी करते." मानसीला ते खरं वाटलं नाही. पुढे कळलं की खरं होतं.

माझी आई तेव्हा कराडहून सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना मुलांकडे लांब मुक्काम करता येतो त्या व्हिसावर, आली होती. सईच्या आजारपणानंतर तिनेच घर सावरलं होतं. सईला इन्सुलिन टोचताना ती तोंड फिरवायची, पण सईच्या पोळीचे कार्ब्ज किती हे मानसीपेक्षा तिला आधी तोंडपाठ झालं. वसुधाताईंविषयी मात्र तिचं मत स्वच्छ होतं. "ही बाई पोरीचं रक्त नेते कुठं? फुकट कोण येतंय एवढ्या लांब? विकत असणार कंपन्यांना." वसुधाताई आल्या की आई इराला मांडीवर घट्ट धरून बसायची आणि त्यांच्या हातांवरची नजर काढायची नाही. वसुधाताईंना ते कळायचं. मला वाटतं, त्यांना ते आवडायचंही. निदान कुणीतरी त्यांच्यासारखंच होतं.

इरा पाच-सहा महिन्यांची असेल. मानसीची रजा अजून चालू होती, पण सकाळी ती आंघोळ-बिंघोळ उरकेपर्यंत बाळ आईकडे असायचं. एका सकाळी वसुधाताई ठरल्यापेक्षा लवकर आल्या. मला वाटतं त्या मुद्दामच कधीकधी लवकर यायच्या. इराला त्यांनी उचलून घेतलं, तिच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि थांबल्या.

"काकू, गुटी कोणती देता?"

"कसली गुटी?" आई म्हणाली. "मी काही देत नाही. आईचं दूध पिते ती."

"बरं."

वसुधाताईंनी विषय सोडला. बोटातून थेंब घेतला, डायपर पिशवीत भरला, गालिच्यावरून छोटा व्हॅक्यूम फिरवला. मानसी तोवर केस पुसत खाली आली. वसुधाताई व्हॅक्यूमची वायर गुंडाळत होत्या. गुंडाळता गुंडाळता, आईकडे न बघता, अगदी दोन बाया अंगणात बोलतात तशा सुरात त्यांनी विचारलं, "आमच्याकडे जायफळाचे दोन वेढे देतात. तुमच्याकडे?"

"दोन?" आई पटकन म्हणाली. "छे छे, एकच. दोन दिले तर पोर दिवसभर झोपूनच राहील."

मग तिच्या लक्षात आलं.  

"कधीपासून?" मानसीने विचारलं.

 आई उठली, सिंकखालचं कपाट उघडलं आणि मागे ठेवलेली छोटी सहाण आणि कापडाची पुरचुंडी काढून ओट्यावर ठेवली. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ. सगळं कराडहून बॅगेत साड्यांच्या घडीत आणलेलं.

"सईलापण दिली होती?" मानसीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

सईच्या जन्माच्या वेळीही आई आली होती. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला नव्हती दिली का मी? तुझ्या बहिणीला नव्हती दिली?"

वसुधाताईंनी प्रत्येक मुळीचा एकेक तुकडा वेगळ्या पिशवीत घातला, वर नाव लिहिलं आणि आईला विचारलं, कुठल्या दुकानातून आणली, किती दिवस आधी, कशात उगाळते, पाण्यात की दुधात. आई गुन्हेगारासारखी एकेका शब्दात उत्तरं देत राहिली. वसुधाताईंच्या आवाजात रागाचा टिपूसही नव्हता. त्या जशा नेहमी विचारायच्या तशाच विचारत होत्या, आणि तेच आईला जास्त लागलं.

त्या गेल्यावर मानसीने पुरचुंडी ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये टाकली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तिने इराला आईजवळ एकटं सोडलं नाही. आंघोळीला जातानाही इराची झुलती बाउन्सर सीट बाथरूमच्या दारात ठेवून जायची. आणि आई इराला साधं केळं कुस्करून द्यायचं झालं तरी लांबून विचारायची, "हे देऊ का? का हेपण लिहून घेणार ती बाई?" सई मध्येच विचारायची, "व्हाय इज आजी सॅड?" तिला काय सांगणार. मी दोघींच्या मध्ये उभा राहून दोघींनाही पटणार नाही असं काहीतरी बोलत असे.

मानसीने वसुधाताईंना फोन केला. "त्या मुळ्यांमध्ये काय निघालं?"

"मला कळवत नाहीत."

"म्हणजे निघालंय काहीतरी."

"मी म्हटलं, मला कळवत नाहीत. आणि निघालं तरी त्याच्याने सईला झालं असं कोणी सांगू शकत नाही. नाही झालं असंही नाही."

मानसीने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तिला माहीत आहे. सांगत नाहीये."

आईने व्हिसा शिल्लक असताना परत जायचं ठरवलं. गुडघे दुखतात, थंडी सोसत नाही, असं म्हणाली. टोरंटोच्या विमानतळावर तिने सईला जवळ घेतलं. इराला घ्यायला हात पुढे केले नाहीत. मानसीने इराला तिच्याकडे दिलंही नाही.

त्यानंतरही वसुधाताई येतच राहिल्या. मला त्यांचा राग यायचा. वाटायचं, ही बाई घराघरांत जाऊन माणसं एकमेकांवर सोडते आणि स्वतः पिशव्या भरून निघून जाते. पण त्याच सुमारास मी त्यांना एका वेगळ्या जागी बघितलं. कम्युनिटी हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती होता. जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ मानसीला गाठून सांगत होते की इथल्या दुधामुळेच हे सगळं होतं, आणि मायक्रोवेव्हमुळे. त्यांच्या ओळखीचा एक फार्म आहे, तिथलं दूध चालू केलं की मूळ कारणच जातं. मानसी हातात ताट धरून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा, मार खायला तयार असल्यासारखा भाव आला होता.

वसुधाताई मागून आल्या. हातात श्रीखंडाची वाटी.

"तुमच्या घरी मायक्रोवेव्ह आहे का हो?"

"आहे ना."

"दूध कुठलं पिता?"

"आता ते फार्मचं."

"आधी?"

"आधी... दुकानातलंच."

"मुलं किती? त्यांना दुकानातलंच दिलं ना? कोणाला झाला डायबिटीस? नाही? पुतण्यांना, भाच्यांना? तेही नाही? मग हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्याने कुठे बघितलं? किती मुलांत? तुम्ही विचारलं का त्याला?"

गृहस्थ हसण्यावारी न्यायला बघत होते. वसुधाताई हसत नव्हत्या. त्या प्रत्येक उत्तरानंतर थांबायच्या आणि खरंच टिपून घेणार असल्यासारख्या बघायच्या. शेवटी ते "मी जरा मठ्ठा बघतो" म्हणून सटकले. वसुधाताईंनी मानसीकडे बघितलंसुद्धा नाही. श्रीखंड हुंगलं आणि "वेलची जास्त झाली" म्हणून निघून गेल्या.

मानसी गाडीत बसली, पट्टा लावला. मग म्हणाली, "ती त्याच्यावरही विश्वास ठेवत नाही, नाही का?" त्यात आश्चर्य होतं. मला वाटतं, तोवर आम्ही धरूनच चाललो होतो की वसुधाताईंचा संशय आमच्यावर आहे.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी आईचा फोन आला. पहिलं वाक्य, "तुझ्या बायकोने पाठवली का त्या बाईला इथं?"

वसुधाताई सुट्टीला नागपूरला गेल्या होत्या. तिथून पुण्याला एका लग्नाला. आणि पुण्याहून एसटीने कराडला आईकडे. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पत्ता त्यांच्याकडे होता, मुळ्या कुठल्या दुकानातल्या हे विचारताना आईनेच दिलेला. आईने दारातच उभं करून विचारलं, "आता काय न्यायला आलात?"

"काही नाही. विचारायला आले."

मग दुपारभर त्यांनी आईला विचारलं. मला लहानपणी काय दिलं, माझ्या बहिणीला काय दिलं, दूध म्हशीचं की गाईचं, गोवर कधी आला, विहिरीचं पाणी किती वर्षं प्यायलो, गुटी कोणाकोणाला दिली. दिरांच्या मुलांना, शेजारच्या पोरांना, आळीतल्या बाळंतिणी बोलवायच्या त्यांच्या पोरांना. आई आधी तुटक बोलत होती. नंतर नंतर बोलतच सुटली. कोणाला किती वेढे, कोण किती रडायचं, कोण आता पोलिसात आहे, कोण दुबईला आहे, कोणाला काय दुखणं आहे.

"मग तिनं काय सांगितलं माहितीय?" आई फोनवर म्हणाली. "म्हणाली, काकू, एवढ्या पोरांना तुम्ही दिली. ह्यातल्या एकाला तरी हा आजार झाला का? म्हटलं नाही. तर म्हणाली, मग मी तुम्हाला धरू कशाच्या जोरावर? मी पुराव्याशिवाय कोणालाच धरत नाही, आणि तुम्ही स्वतःला धरून बसल्या आहेत."

 आई पुढे म्हणाली, "हेही म्हणाली की अगदी सोडूनही देता येत नाही. खरं आहे तेच बोलली. गोड बोलली असती तर मला वाटलं असतं, सुनेनं शिकवून पाठवलंय."

मी हे मानसीला सांगितलं. ती ऐकून घेऊन इराचे कपडे घड्या करत राहिली. तिने लगेच फोन उचलून आईला बोलावलं वगैरे काही झालं नाही. माणसं तशी एका गोष्टीने वळत नाहीत. पण त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने इराला स्क्रीनसमोर बसवलं आणि स्वतः उठून गेली. आजी आणि नात दोघीच बराच वेळ होत्या.

इरा चार वर्षांची असताना डॉक्टरांचा फोन आला. तिच्या रक्तात आजाराच्या आधीच्या खुणा दिसायला लागल्या होत्या. आजार अजून झालेला नव्हता, पण शरीराने स्वतःविरुद्ध काम सुरू केलं होतं. कधी होईल सांगता येत नाही, पण होण्याची शक्यता खूप आहे, असं ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात वसुधाताई आल्या. मी त्यांना दारातच गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"गेल्या वेळी तुम्ही तिला दोनदा टोचलंत. पुन्हा घ्यावं लागेल म्हणालात. तेव्हाच माहीत होतं तुम्हाला."

"पहिला थेंब गोठला होता," त्या म्हणाल्या. "काय झालं?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"भाऊ, आम्हाला निकाल सांगतच नाहीत. सांगितला तर प्रश्न विचारताना माझं मन एकीकडे झुकेल. म्हणून नाही सांगत. काय झालं इराला?"

मानसी जिन्यात उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, लोक समोरच्याला बरं वाटेल ते बोलतात."

वसुधाताई तिच्याकडे बघत राहिल्या. सपाता अजून हातातच होत्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी पण नसता ठेवला विश्वास."

मग त्या आत आल्या आणि कामाला लागल्या. इराला कार्टून लावून दिलं, बोट पुसलं, थेंब घेतला. टॅब्लेट मांडीवर घेऊन प्रश्न विचारायला लागल्या. गेल्या तीन महिन्यांत सर्दी? झाली, एकदा. ताप? नाही. सर्दी झाली होती का? मी म्हणालो, आत्ताच सांगितलं. "हो का," त्या म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न शोधायला लागल्या. तो त्यांना सापडेना. त्यांचं बोट स्क्रीनवर वर-खाली फिरत राहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी एक प्रश्न कधी दोनदा विचारला नव्हता, त्यामागे हेतू असल्याशिवाय. तेव्हा मला कळलं की ह्या बाईला खरंच माहीत नव्हतं. मानसीला कळायला आणखी वेळ लागला.

निघताना त्यांनी त्यांच्या नियमात बसत नसलेली एक गोष्ट केली. मानसीला म्हणाल्या, "कशाने होते ते मला माहीत नाही. पण सईच्या वेळी कोणालाच खबर नव्हती, म्हणून ती तशी झाली. आता तुम्हाला खबर आहे. इराला साधी उलटी झाली तरी साखर बघायची. ती ठीक आहे म्हणाली तरी बघायची. कोणी काही सांगितलं तरी बघायची."

इरा सहा वर्षांची झाली त्या वसंतात एका शनिवारी तिने इडली खाल्ली, खेळायला गेली, परत आली आणि म्हणाली, आयॅम टायर्ड. बास, एवढंच. मानसीने साखर बघितली. आकडा बघून तिने मला हाक मारली, पण तिचा आवाज स्थिर होता. अँब्युलन्स नाही, धावाधाव नाही. आम्ही आमच्याच गाडीतून हॉस्पिटलला गेलो. इरा मागच्या सीटवर सईबरोबर भांडत होती. डॉक्टर म्हणाले, बरं झालं, फार लवकर आणलंत. सई अकरा-बारा वर्षांची झाली होती. तिने धाकट्या बहिणीला स्वतःचं पोट दाखवून सांगितलं, इथे टोचलं की कमी दुखतं.

पार्किंग लॉटमध्ये मानसीने सगळ्यात आधी वसुधाताईंना फोन लावला. मी तिचंच बोलणं ऐकत होतो. "नाही, पाणी पीत नव्हती जास्त... नाही, उलटी नाही... तुम्ही म्हणाला होतात म्हणून बघितलं... हो." मग ती ऐकत राहिली आणि रडायला लागली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या? मानसी म्हणाली, "म्हणाल्या, मशीन बरोबर होतं का, दुसऱ्या बोटावर बघितलं का." आणि रडता रडता हसली.

दुसरा फोन तिने कराडला लावला. "आई, मला एकटीला दोघींचं जमणार नाही. याल का?" आई आली. आल्यावर दोघींमध्ये सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. पण इरा आता आजीजवळच झोपते.

इराला आजार झाल्यावर संशोधनाचं आमच्याकडचं काम संपलं. वसुधाताईही निवृत्त होऊन सस्काटूनला नवऱ्याकडे निघाल्या होत्या. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी त्या निरोप घ्यायला आल्या. इरा ड्राइव्हवेवर हॉकीची छोटी जाळी मांडून, हातांत गोलकीपरचे मोठाले ग्लोव्ह्ज घालून उभी होती. सई कंटाळून आत गेली होती. मी गराजमध्ये हिवाळ्यात लावायचे टायर बाहेर काढत होतो, त्यामुळे मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं.

"डिड यू फाइंड आउट?" इराने त्यांना बघताच विचारलं. "व्हॉट मेड मी सिक?"

"नाही," वसुधाताई म्हणाल्या.

"नॉट ईव्हन अ लिटल?"

"थोडं थोडं सापडून राहिलं आहे. सगळ्या मुलांचं मिळून. तुझं एकटीचं नाही."

इराने विचार केला. "सो समवन एल्स हॅज टू डू इट."

"हो. तू करशील का?"

"नो," इरा म्हणाली. "आयॅम गोइंग टू बी अ गोली. शूट ना."

वसुधाताईंनी पर्स गवतावर ठेवली. सईची काठी उचलली, उलटी धरली, मग इराने सांगितल्यावर सुलटी केली. करड्या कोटाची बटणं सोडली. चेंडूकडे बघितलं, इराकडे बघितलं आणि मारला. चेंडू रखडत रखडत गेला आणि इराच्या पायांमधून जाळीत शिरला.

वसुधाताई काठी टेकून उभ्या राहिल्या. डोळे बारीक केले.

"मुद्दाम सोडला ना?"

"नो!"

"खरं सांग."

"आय डिडन्ट! इट वॉज अ गुड शॉट!"

"मला पटून नाही राहिलं," वसुधाताई म्हणाल्या. "आण इकडे तो. परत मारते. या वेळी नीट अडव."

इराने चेंडू त्यांच्याकडे ढकलला आणि गुडघे वाकवून, ग्लोव्ह्ज पसरून उभी राहिली. वसुधाताई मोजूनमापून दोन पावलं मागे सरकल्या.